चारशे अठरा नंबरची तक्रार

महिपत सुर्वे रिटायर होऊन रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याला घरी आले, तेव्हा स्वतःच्या घरात साखरेचा डबा कुठे असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षं लोट्याच्या एका केमिकल कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये गेलेली. खेडला तिघांत मिळून एक खोली, कंपनीच्या बसने जाणं-येणं, आणि आठवड्याच्या सुट्टीला एसटीने रत्नागिरी. घर बांधलं ते बायकोने, सावित्रीने, उभं राहून. मागची विहीरही तिनेच खणून घेतली, मुलीची, सानिकाची, शाळा, कॉलेज, लग्न सगळं तिनेच निभावलं. सुर्वे पाहुण्यासारखे यायचे, जेवायचे, झोपायचे आणि सुट्टी संपली की पहाटेची गाडी पकडायचे. रिटायर झालो की बसू दोघं निवांत, असं ते दर वेळी म्हणायचे. सावित्री नुसती हसायची. मग खरंच रिटायर झाले, आणि ती चौदा महिने बसली त्यांच्याबरोबर. त्यानंतर तिला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत सगळं आटोपलं.

दिवसकार्य झाल्यावर सानिका ठाण्याला परत निघाली, तेव्हा बाबांना चला म्हणाली. जावईही म्हणाले. सुर्वे गेले नाहीत. का नाही, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. त्या घरात त्यांचं असं काहीच नव्हतं, आणि सोडून जावं असंही वाटत नव्हतं.

तीन-चार महिने ते नुसते या खोलीतून त्या खोलीत फिरले. सकाळी साडेपाचला जाग यायची, कारण फर्स्ट शिफ्टची बस सव्वासहाची. चहा व्हायचा, आंघोळ व्हायची, पेपर वाचून व्हायचा, तरी नऊच वाजलेले असायचे. मग एकदा विहिरीचं पाणी तळाला गेलेलं कळलं नाही आणि पंप कोरडा चालून जळला. सुर्व्यांना कामच मिळालं. इन्स्ट्रुमेंटच्या कामात त्यांचा हात चांगला होता. त्यांनी पाण्याची पातळी मोजणारा एक सेन्सर विहिरीत सोडला, वायर घरात आणली, सानिकाच्या जुन्या लॅपटॉपला जोडली, आणि पातळीचा आलेख काढायला एक प्रोग्राम शोधला. त्याचं नाव ट्रेंडपेन.

हा प्रोग्राम कुठल्या कंपनीचा नव्हता. ओपन सोर्स होता, म्हणजे वापरायला फुकट तर होताच, पण आतली सगळी लिखावट, म्हणजे कोड, कुणालाही उघडून वाचता येत होती. चूक दिसली तर सांगायची, जमलं तर दुरुस्त करून द्यायची. हवामानाची नोंद ठेवणारे हौशी लोक, शाळांच्या प्रयोगशाळा, छोटे कारखाने असे कुठले कुठले लोक तो वापरत होते. सुर्व्यांना तो आवडला, कारण त्यातली रेघ कंट्रोल रूममधल्या जुन्या कागदी रेकॉर्डरच्या पेनासारखी सरकत होती.

नोव्हेंबरात त्यात एक दोष दिसला. पाण्याची पातळी त्यांनी ठरवलेल्या शून्याच्या खाली गेली की रेघ खाली जायच्या ऐवजी एकदम वर उडायची. कळवायला हवं म्हणून ते प्रोग्रामच्या तक्रारींच्या पानावर गेले आणि खुर्चीत मागे टेकून बसले.

सहाशे चाळीस तक्रारी उघड्या होत्या. माणसांनी लिहिलेल्या त्यांत पाच-पंचवीस असतील. बाकी सगळ्या एका बॉटने टाकलेल्या. कुठल्याशा संस्थेने जगभरचे ओपन सोर्स प्रोग्राम आपोआप तपासायला तो सोडला होता. तो रोज लिखावट चाळायचा आणि जे खटकेल त्याची तक्रार टाकायचा. दोष आढळला, गांभीर्य मध्यम, ओळ अमुक. दोष आढळला, गांभीर्य तीव्र, ओळ तमुक. खाली पानभर आकडे आणि चिन्हं. तोच दोष पाच ठिकाणी दिसला तर पाच तक्रारी. कशामुळे झालं, वापरणाऱ्याला काय दिसेल, काय करायचं, याचा कुठे पत्ता नाही. प्रोग्राम सांभाळणारं कुणीतरी एकच होतं, व्ही.के. एवढ्याच नावाने लिहिणारं, आणि त्या व्ही.के.ची शेवटची उत्तरं दोन-तीन शब्दांची झाली होती. बघू. नंतर. माहीत नाही. सगळं इंग्रजीत.

सुर्व्यांना हे पान ओळखीचं वाटलं. असं पान त्यांनी पूर्वी पाहिलं होतं, फक्त ते लाल दिव्यांचं होतं.

चौदा वर्षांपूर्वी, आषाढात, लोट्याला वीज गेली आणि आली. प्लांट पुन्हा सुरू करताना दहा मिनिटांत दोनशेच्या वर अलार्म आले. त्यातले निम्मे नेहमीचेच, उगाच वाजणारे. सुर्वे पॅनेलवर होते. असं झालं की सगळे जे करायचे तेच त्यांनी केलं. हॉर्न बंद केला आणि बटण दाबत गेले, दाबत गेले, न वाचता. त्यात एक अलार्म खरा होता. एका व्हेसलचं, म्हणजे रसायनाच्या बंद टाकीचं, थंड पाणी बंद पडलं होतं. खाली फील्डवर, त्या टाक्यांपाशी, लवू शिगवण हा कामगार होता. गरम वाफेने त्याचा उजवा हात कोपरापर्यंत आणि मान भाजली. जीव वाचला. चौकशी झाली, तिच्यात कुणावर दोष आला नाही. दोनशे अलार्म कुठला माणूस वाचणार, असंच सगळे म्हणाले, आणि ते खोटंही नव्हतं. सुर्व्यांना मात्र त्या अलार्मचा नंबर अजून पाठ होता.

त्यानंतर कंपनीने एक इंजिनिअर बसवला. तो सहा महिने ऑपरेटरांबरोबर बसून एकेका अलार्मची झडती घेत होता. त्याचे प्रश्न चारच असायचे. काय झालंय? कुठे? ऑपरेटरने काय करायचं? आणि किती वेळात? ज्या अलार्मला ही उत्तरं नाहीत, तो अलार्मच नाही, काढून टाका. दोन हजारांचे तीनशे अलार्म झाले. मग मात्र एखादा वाजला की माणसं उठून उभी राहायला लागली.

त्या पानाकडे पाहत सुर्व्यांनी आपली तक्रार लिहिली. शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला चार्ज द्यायच्या रजिस्टरात लिहायचे, तशीच. इंग्रजी मोडकंतोडकं, पण वाक्यं छोटी. मी काय करत होतो. काय व्हायला हवं होतं. काय झालं. पुन्हा तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तसंच झालं. सोबत बारा ओळींची फाइल जोडली आहे, ती उघडली की तुम्हालाही दिसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर होतं. दोष सापडला, दुरुस्त केला. खाली आणखी एक ओळ होती, की सात महिन्यांत ही पहिली तक्रार, जी वाचून मला पुन्हा काही विचारावं लागलं नाही.

सुर्व्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग बॉटची सगळ्यात जुनी तक्रार उघडली.

असं ते काम सुरू झालं. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. सकाळी दहाला बसायचं, एकला उठायचं. एक तक्रार घ्यायची, बॉट काय म्हणतोय ते समजून घ्यायचं, न समजलं तर शोधून वाचायचं, तसं खरंच होतं का ते आपल्या लॅपटॉपवर करून पाहायचं. मग तिच्याखाली चार ओळी लिहायच्या. ही अमक्या नंबरच्या तक्रारीसारखीच आहे, बंद करावी. हे करून पाहिलं, काही बिघडत नाही. हे खरं आहे, असं केलं की असं होतं, फाइल जोडली आहे. दिवसाला चार व्हायच्या, कधी सहा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावं तर व्ही.के.ने त्यातल्या बंद करायच्या बंद केलेल्या असायच्या आणि खऱ्यांवर काम केलेलं असायचं. एकमेकांशी बोलणं असं काही नव्हतं. एक शिफ्ट संपवून जायची, दुसरी यायची, आणि मध्ये रजिस्टर, एवढंच. सुर्व्यांची सगळी नोकरी तशीच गेली होती, त्यामुळे त्यांना त्यात काही कमी वाटलं नाही.

मासळी घेऊन येणाऱ्या गंगुबाईने एकदा पडवीत टोपली उतरवताना विचारलं, की दादा, रोज बघावं तर तुम्ही त्या डब्यापुढे, करता तरी काय? लोकांच्या तक्रारी वाचतो, म्हणाले सुर्वे. गंगुबाई म्हणाली, गावच्या कमी पडल्या वाटतं. आणि बांगडे मोजून निघून गेली. सानिकाला रविवारच्या फोनवर सांगितलं, तर ती आधी खूश झाली, बाबा काहीतरी करतायत म्हणून. मग म्हणाली, पण हे लोक तुम्हाला ओळखतात तरी का? तुम्ही आजारी पडलात तर त्यांना कळेल का? सुर्व्यांनी विषय बदलला. तिचं म्हणणं चूक नव्हतं.

जानेवारीत एकदा त्यांनी एका तक्रारीखाली लिहिलं की उद्या काम होणार नाही, आमच्याकडे वर्षश्राद्ध आहे. श्राद्धाला इंग्रजीत काय म्हणावं ते सुचेना, म्हणून तो शब्द तसाच ठेवला. सुर्व्यांच्या खात्याचं नाव होतं महिपत_आरटीएन. तिसऱ्या दिवशी सकाळी उत्तर दिसलं, आणि ते मराठीत होतं.

आरटीएन म्हणजे रत्नागिरी का?

मग कळलं. व्ही.के. म्हणजे वेदिका कणसे, मूळची सांगलीकडची. नवरा आणि ती नॉर्वेतल्या बर्गन नावाच्या गावात नोकरीला. ट्रेंडपेन लिहिला दुसऱ्याच कुणी, तो कंटाळून सोडून गेला, आणि ही बाई तो वापरत होती म्हणून तिच्या गळ्यात पडला. ऑफिसातून आल्यावर रात्री दोन तास त्याला द्यायची. तिचा शेवटचा तास संपायचा तेव्हा इथे पहाट होत आलेली असायची. तिने विचारलं, तुम्हाला काका म्हणू का? सुर्व्यांनी लिहिलं, म्हण. पुढे काय लिहावं ते बराच वेळ सुचलं नाही, म्हणून विहिरीच्या पातळीचा आलेख पाठवून दिला. तिने बर्गनच्या पावसाचे आकडे पाठवले. तिथे बाराही महिने पाऊस. सुर्व्यांनी बेरीज केली आणि कळवलं की आमच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त पडतो, तोही चार महिन्यांत. तिने लिहिलं, तुमचा थांबतो तरी.

फेब्रुवारीच्या शेवटी ते चारशे अठरा नंबरच्या तक्रारीशी आले. बॉटने लिहिलं होतं, रिकामी किंमत हाताळलेली नाही, गांभीर्य मध्यम, ओळ अकराशे चौऱ्याऐंशी. अशा तक्रारी शंभरएक तरी होत्या आणि बहुतेक निरुपद्रवी निघाल्या होत्या. पण ही ओळ आलेख काढणाऱ्या भागातली होती. सुर्व्यांना काहीतरी खटकलं. सेन्सरकडून आकडाच आला नाही, तर पेन काय करेल? गुरुवारी दुपारी त्यांनी विहिरीवर जाऊन सेन्सरची वायर काढून ठेवली आणि लॅपटॉप तसाच चालू ठेवला. शनिवारी सकाळी पाहिलं. दोन दिवस वायर काढलेली, पण पडद्यावर पाण्याची पातळी व्यवस्थित चालू होती. चार मीटर वीस. चार मीटर वीस. एक सरळ, शांत रेघ.

 कंट्रोल रूममध्ये नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हेच, की रेघ हलली तर घाबरू नको, अगदी सरळ गेली तर उठून बघ. खरं पाणी, खरी वाफ, खरं तापमान थोडं तरी हलतं. सरळ रेघ काढतो तो मेलेला सेन्सर. आणि हा प्रोग्राम मेलेल्या सेन्सरला जिवंत दाखवत होता. कुणाच्या कारखान्यात, कुणाच्या बॉयलरवर, कोण जाणे.

त्यांनी घाईघाईने ते पान उघडलं. उघड्या तक्रारी: सोळा.

आधी त्यांना वाटलं आपण चुकीच्या पानावर आलो. मग दिसलं. शुक्रवारी रात्री वेदिकाने बॉटच्या उरलेल्या सगळ्या, चारशे बारा तक्रारी एका फटक्यात बंद केल्या होत्या आणि बॉटला दारातच अडवलं होतं. कारण म्हणून एकच ओळ होती, मी माणूस आहे. चारशे अठराही त्यांतच गेली होती.

तिने एकदा फोन नंबर दिला होता, लागला तर असू द्या म्हणून. सुर्व्यांनी तो कधी लावला नव्हता. दुपारी चारपर्यंत ते थांबले, तिकडे जेवायची वेळ होईल असा हिशेब करून, आणि मग लावला. आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा तरुण निघाला. ती आधीच म्हणाली, काका, तुम्ही रागावलात ना, तुमची मेहनत वाया घालवली मी. ते म्हणाले, मेहनतीचं काही नाही.

 तिकडे कुठेतरी भांड्यांचा आवाज येत होता.

"काल एकाच दिवसात एकोणीस आल्या," वेदिका म्हणाली. "एकोणीस, काका. मी ऑफिसातून आले, कोट काढला नव्हता अजून. मला वाटलं, हे कधी संपणारच नाही. कुणासाठी करतेय मी हे? हे लिहिणाऱ्याला तर मी आहे की नाही हेसुद्धा माहीत नाही."

"बंद केलंस ते चूक नाय," सुर्वे म्हणाले. "मीपण केलं होतं. एकदा."

आणि त्यांनी तिला लवूचं सांगितलं. ते त्यांनी सावित्रीला अर्धंच सांगितलं होतं, सानिकाला अजिबात नाही. लाल दिवे, हॉर्न, आपण न वाचता दाबलेलं बटण, खालून आलेली ओरड. लवूला भेटायला गेलो तेव्हा तोच मला म्हणाला, सुर्वे, जेवून जा. डाव्या हाताने वाढत होता. हेही सांगितलं.  मग त्यांनी विहिरीतली वायर आणि ती सरळ रेघ सांगितली.

 वेदिका इतकंच म्हणाली, "चारशे अठरा?"

"चारशे अठरा."

"मी उघडते."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिने दुरुस्ती केली. आकडा आला नाही तर रेघ आता तुटायची आणि त्या जागी लाल खूण यायची. सुर्व्यांनी वायर काढून, लावून, पुन्हा काढून पाहिली. मग तिने सगळ्या वापरणाऱ्यांना सूचना काढली, की जुनं चालवत असाल तर आजच बदला. चार ठिकाणांहून आभार आले. एका शाळेने लिहिलं की आमचं तापमान गेले सहा आठवडे एकवीस अंश होतं, आम्हाला वाटलं हीटर छान चाललाय.

पण बॉटला कायमचा अडवून चालणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. चारशे अठरा त्यानेच शोधली होती. त्याला दिसत होतं, फक्त सांगता येत नव्हतं. वेदिका म्हणाली, त्या संस्थेला लिहू या, आणि काका, लिहा तुम्ही. सुर्व्यांना त्याला दहा दिवस लागले. बॉटच्या सातशे चाळीसपैकी तीनशे अठ्ठावीस तक्रारी त्यांनी स्वतः तपासल्या होत्या आणि एका वहीत त्यांची नोंद होती. त्यांतल्या एकोणीस खऱ्या. दोनशेच्या वर पुन्हापुन्हा त्याच. बाकी असून नसून सारख्या. हे आकडे त्यांनी आधी दिले. मग त्या जुन्या इंजिनिअरचे प्रश्न थोडे फिरवून मांडले. बॉटने तक्रार टाकण्याआधी तो दोष स्वतः घडवून पाहावा. घडला तर ज्या लहानात लहान फाइलने घडला ती जोडावी. वापरणाऱ्याच्या डोळ्यांना काय दिसेल ते पहिल्या ओळीत साध्या भाषेत लिहावं. तोच दोष दहा ठिकाणी असेल तर तक्रार एकच असावी. आणि घडवून दाखवता आला नाही, तर गप्प बसावं. शेवटी लिहिलं की तुमचं यंत्र हुशार आहे, पण तक्रार वाचणारा माणूस दिवसभर काम करून आलेला असतो, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

संस्थेकडून उत्तर येईल असं सुर्व्यांना वाटलं नव्हतं. आलं. तिथल्या एका मुलीने लिहिलं की आम्ही किती दोष सापडले एवढंच मोजत होतो, त्यांतले किती दुरुस्त झाले ते कधी मोजलंच नाही. तिने वहीतल्या सगळ्या नोंदी मागितल्या. सुर्व्यांनी पानापानाचे फोटो काढून पाठवले, आणि वेदिकाने रात्री बसून त्यांचं इंग्रजी करून दिलं.

मेच्या मध्यावर बॉट परत आला. पहिल्या आठवड्यात त्याने एकच तक्रार टाकली. फेब्रुवारी एकोणतीस तारखेची नोंद असलेली फाइल उघडली की आलेखातला पुढचा सगळा महिना एक दिवस मागे सरकतो, फाइल जोडली आहे, सहा ओळींची. सुर्व्यांनी करून पाहिलं. तंतोतंत तसंच झालं. वेदिकाने वीस मिनिटांत दुरुस्त केलं आणि लिहिलं, काका, बघा, तुमच्यासारखंच लिहितोय तो.

खरंच तसंच लिहीत होता. मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. वाक्यंसुद्धा तेवढीच छोटी.

पुढच्या महिन्यात तीन तक्रारी आल्या. तिन्ही खऱ्या, तिन्ही स्पष्ट. सुर्व्यांनी त्यात घालावं असं काही नव्हतं. वेदिका आता रात्री लवकर झोपत होती. तिने लिहिलं की नवऱ्याबरोबर आठवड्यातून दोनदा पोहायला जायला लागलेय. सुर्व्यांनी लिहिलं, छान. ते मनापासूनच होतं. सकाळी दहाला मात्र ते लॅपटॉप उघडून बसायचे, आणि पान सांगायचं, उघड्या तक्रारी: दोन. कधी एक. पान पुन्हा ताजं करायचे. एकच. एकला उठायची गरज नव्हती, सव्वादहालाच उठता येत होतं, आणि उठून कुठे जायचं ते कळत नव्हतं.

एके सकाळी ते स्कूटर काढून आरे-वारेच्या समुद्रकिनाऱ्याला गेले. सुरूच्या बनाशी गाडी लावून बसले. पुण्या-कोल्हापूरकडची चार कुटुंबं आली होती, एकमेकांचे फोटो काढत होती. एका बाईने त्यांना आमचा सगळ्यांचा काढाल का म्हणून विचारलं. त्यांनी काढला. तिने पाहिला, छान आलाय म्हणाली, आणि ती माणसं वाळूत उतरून गेली. सुर्वे अर्धा तास बसले आणि परत आले. घराला कुलूप तसंच होतं. आपणच लावलेलं कुलूप काढताना त्यांना विनाकारण वेळ लागला.

जुलैत त्यांच्या हातून एक गोष्ट घडली, तिची नंतर त्यांना लाज वाटत राहिली. बॉटची एक तक्रार आली, नेहमीसारखी नीट. सुर्व्यांनी तिच्याखाली दीड पान लिहिलं. फाइलचं नाव बरोबर नाही. दुसऱ्या ओळीतला शब्द संदिग्ध आहे. दोष खरा असेलही, पण आणखी दोन परिस्थितींत तपासायला हवा, मी तपासून आठवड्याभरात कळवतो, तोवर हात लावू नये. वेदिकाने दोन दिवस वाट पाहिली. मग तक्रारीच्या पानावर न लिहिता फोन केला.

"काका, हा बरोबरच आहे ना?"

 बाहेर कौलांवर पाऊस नुसता वाजत होता, त्यामुळे ऐकू आलं नाही असं म्हणता आलं असतं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. दहाला बसायला काहीतरी लागतं गो. म्हणून केलं."

 वेदिका म्हणाली की इथे आले त्या पहिल्या हिवाळ्यात तीन वाजताच अंधार व्हायचा, ओळखीचं कुणी नव्हतं, नवरा कामानिमित्त दुसऱ्या शहरात. ट्रेंडपेन गळ्यात पडला असं मी सगळ्यांना सांगते, पण पडला नव्हता, मीच मागून घेतला होता. कुणाच्या तरी तक्रारी येतील म्हणून.  तुम्ही सानिकाकडे जाऊन या ना काही दिवस, ती म्हणाली. जाईन, म्हणाले सुर्वे. ऑगस्टात ते खरंच गेले, आठ दिवस राहिले, नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडलं, आणि नवव्या दिवशी परत आले. सानिकाने थांबा म्हणून आग्रह केला, पण तिथेही सकाळी दहानंतर सगळे आपापल्या कामाला जात होते.

परत आल्यावर त्यांनी पान उघडलं. बॉटची एकही तक्रार नव्हती. खाली, एका कोपऱ्यात, माणसाची एक होती. ते गेले त्या दिवशी आलेली. कुणी हात लावला नव्हता, कारण हात लावण्यासारखं तीत काही नव्हतंच. नाव नाही, गाव नाही, फाइल नाही. इंग्रजीत दोनच शब्द: चालत नाही.

अशा पूर्वीही आल्या होत्या. बॉटच्या गर्दीत त्या कुणाला दिसत नव्हत्या, आणि गर्दी हटल्यावर, माहिती अपुरी म्हणून तीस दिवसांनी आपोआप बंद होत होत्या. सुर्व्यांनी मागे जाऊन मोजल्या. वर्षभरात एकेचाळीस. एकेचाळीस माणसं येऊन चालत नाही म्हणून गेली होती आणि कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं.

त्यांनी चहा करून घेतला आणि बसले. दोनदा लिहून खोडलं. शेवटी लिहिलं, नमस्कार, मी महिपत, मी इथे मदत करतो. चालत नाही म्हणता, तेव्हा तुम्ही काय करत होता? घाई नाही, सावकाश सांगा.

त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सुर्व्यांनी विहिरीवरची वायर साफ केली, गंगुबाईकडून मांदेली घेतली. बाकीच्या चाळीसांपैकी सहा जणांना तेच विचारलं, त्यातल्या एकाने लिहिलं की आता गरज नाही.

पाचव्या दिवशी सकाळी पान उघडलं तर त्या माणसाने एक फाइल जोडली होती. सोबत शब्द एकही नाही. फाइल मोठी होती, नऊ हजार ओळींची, आणि कसली ते कळत नव्हतं. सुर्व्यांनी चष्मा पुसला, वहीत तारीख टाकली आणि ती पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.